'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'चा ब्लू-रे संच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना ज्यांना हा संच पाहायला दिला, त्यांच्याकडून फिरून तेच प्रश्न येतात. प्रत्येकाला नव्यानं सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो. मालिकेच्या कथांचं हे परीक्षण नाही. ब्लू-रेवर ती कशी दिसते, कशी ऐकू येते आणि तिच्यावर पैसे घालावेत का, एवढाच विषय. माझं मत आधीच सांगतो: जरूर घ्या, पण सातही पर्वांना एका मापानं मोजू नका.

'स्टार ट्रेक' म्हणजे साठच्या दशकातली ना? ही कोणती?

कर्क आणि स्पॉकची मालिका ती मूळ. 'द नेक्स्ट जनरेशन' तिच्यानंतर वीसेक वर्षांनी, २८ सप्टेंबर १९८७ रोजी अमेरिकेत सुरू झाली आणि २३ मे १९९४ रोजी संपली. कॅप्टन पिकार्ड, डेटा, वॉर्फ, ट्रॉय ही मंडळी हिच्यातली. सात पर्वं, आणि दोन तासांचे भाग दोन-दोन धरले तर एकूण १७८ भाग. दुसऱ्या पर्वात २२च भाग आहेत, कारण १९८८ साली हॉलिवूडच्या लेखकांचा संप झाला होता. त्या पर्वात डिस्क पाचच का, असा प्रश्न पडला तर उत्तर हेच. बाकी प्रत्येक पर्वाच्या सहा डिस्क आहेत.

माझ्याकडे सगळ्या डीव्हीडी आहेत. चित्र जरा स्वच्छ होण्यापलीकडे ब्लू-रेत वेगळं काय?

सगळंच वेगळं आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय या संचाचं परीक्षण करताच येत नाही.

मालिकेचं चित्रीकरण ३५ मिमी फिल्मवर झालं होतं, सिनेमासारखं. पण फिल्मवर काम पुढे सरकलं नाही. दर आठवड्याला एक भाग द्यायचा, प्रत्येक भागात अंतराळयान, किरणं, ट्रान्सपोर्टर (माणसांना क्षणात दुसरीकडे पोचवणारं यंत्र). हे सगळं फिल्मवर जोडायला वेळही नव्हता आणि पैसाही. म्हणून निगेटिव्ह व्हिडिओ टेपवर उतरवून घेतली, संकलन टेपवर केलं, स्पेशल इफेक्ट्सही टेपवरच एकमेकांवर चढवले. त्यामुळे मालिकेची पूर्ण झालेली प्रत अस्तित्वात होती ती फक्त टेपवर, अमेरिकी एनटीएससी पद्धतीच्या ४८० ओळींच्या चित्रात. डीव्हीडी त्याच टेपवरून निघाल्या. त्या कितीही मोठ्या पडद्यावर लावा, टेपमध्ये जे नाही ते दिसणार कुठून?

आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्यांनी ही मालिका केबलवर पाहिली, त्यांच्या वाट्याला तर त्याहून पुसट चित्र आलं. अमेरिकी टेपचं आपल्याकडच्या टीव्हीच्या 'पाल' पद्धतीत रूपांतर, मग उपग्रह, मग गच्चीवरून आलेली केबलवाल्याची वायर. मी याच मालिकेत लहानाचा मोठा झालो, आणि कितीतरी वर्षं मला वाटायचं की एंटरप्राइज यानाचा रंग धुरकट करडाच आहे. तो निळसर आहे, त्यावर फिकट-गडद चौकटींची नक्षी आहे, हे मला ब्लू-रेवर कळलं.

मग ब्लू-रे कशावरून बनवली?

मूळ निगेटिव्हवरून. ऐकायला सोपं वाटतं, पण निगेटिव्ह म्हणजे तयार भाग नव्हेत. चित्रीकरणात वापरलेली, न कापलेली फिल्म होती ती. २५,०००हून जास्त रिळं गोदामांतून काढली गेली. प्रत्येक भागाचा प्रत्येक शॉट कोणत्या रिळातला, कोणत्या टेकमधला, हे शोधायचं. तो स्कॅन करायचा. जुनी टेप शेजारी ठेवून, फ्रेमला फ्रेम जुळवून, पूर्ण भाग पुन्हा संकलित करायचा. एकदा संकलित झालेली मालिका दुसऱ्यांदा संकलित करणं, तेही १७८ भागांचं. 

इफेक्ट्सची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. यानाचं मॉडेल एकाच वेळी एका झटक्यात चित्रित होत नसे. मोशन कंट्रोल कॅमेरा त्याच वाटेवरून पुन्हा-पुन्हा फिरवायचे: एकदा यानाच्या अंगावरच्या प्रकाशासाठी, एकदा फक्त खिडक्यांच्या दिव्यांसाठी, एकदा इंजिनांच्या उजेडासाठी, एकदा यान पार्श्वभूमीपासून वेगळं कापून घ्यायला लागणाऱ्या आकृतीसाठी. हे थर पूर्वी टेपवर एकत्र केले होते आणि प्रत्येक थरागणिक चित्र थोडं मऊ पडत गेलं होतं. सुदैवानं हे थर फिल्मवर जपले गेले होते. ते सगळे नव्यानं स्कॅन करून संगणकावर पुन्हा एकत्र केले गेले.

म्हणून ब्लू-रेवर दिसणारं यान बहुतांशी तेच सहा फुटी आणि चार फुटी मॉडेल आहे, हातानं रंगवलेलं. तो संगणकावरचा नवा नमुना नव्हे. मला या संचाचं सगळ्यात जास्त कौतुक आहे ते याच गोष्टीचं.

म्हणजे काहीच बदललेलं नाही?

जे मुळात टेपवरच जन्मलं होतं ते फिल्मवर सापडणं शक्य नव्हतं. फेजर या शस्त्राचे किरण, ट्रान्सपोर्टरची चमक, यानाभोवतीची ढाल, पडद्यांवरची काही चित्रं नव्यानं करावी लागली. बरेच ग्रहही नव्यानं रंगवले गेले, आणि ते सुंदर आहेत. पहिल्या पर्वातल्या 'डेटालोर' भागातला स्फटिकासारखा जीव १९८८ साली संगणकावरच केला होता; तो पुन्हा घडवला आहे. त्याची मूळ आकृती कायम आहे, फक्त आता तो खरोखर स्फटिक वाटतो.

मूळ 'स्टार ट्रेक'च्या रीमास्टरमध्ये, म्हणजे नव्यानं सुधारलेल्या आवृत्तीत, वेगळा मार्ग घेतला होता. तिथे २००६पासून यानाचे शॉट संगणकावर नवे केले, आणि ब्लू-रेवर जुने-नवे दोन्ही पर्याय दिले. 'नेक्स्ट जनरेशन'मध्ये असा पर्याय नाही आणि त्याची गरजही पडत नाही. माईक आणि डेनिस ओकुडा ही जोडी सल्लागार होती. 'नेक्स्ट जनरेशन' पहिल्यांदा बनत होती तेव्हा माईक ओकुडा तिच्या कला विभागात होते, यानावरच्या नियंत्रण फलकांची रचना त्यांचीच. त्यामुळे नव्यानं केलेल्या गोष्टींवरही जुना हात फिरलेला आहे.

एक-दोन ठिकाणी निगेटिव्ह सापडलीच नाही. तिसऱ्या पर्वातल्या 'सिन्स ऑफ द फादर'मध्ये काही सेकंदांचा तुकडा जुन्या टेपवरून मोठा करून घातला आहे. चित्र एकदम मऊ होतं आणि पुन्हा सावरतं. तुमची डिस्क बिघडलेली नाही.

सातही पर्वं सारखीच चांगली आहेत का?

नाहीत, आणि पूर्ण संचाला एकच गुण देणाऱ्या परीक्षणांवर माझा राग आहे तो याचसाठी.

पहिलं पर्व जुलै २०१२मध्ये आलं, सातवं डिसेंबर २०१४मध्ये. अडीच वर्षांत सात पर्वं म्हणजे प्रचंड घाई. ती गाठायला दुसरं आणि चौथं पर्व बाहेरच्या कंपन्यांकडे सोपवलं गेलं, बाकीचं काम स्टुडिओच्या स्वतःच्या विभागानं केलं.

फरक डोळ्यांना दिसतो. पहिल्या पर्वाचे रंग ताजे आहेत, चेहऱ्यांची कातडी खरी वाटते. दुसरं पर्व लावलं की चेहरे जास्त लालसर होतात, सावल्या काळ्या पडतात, आणि काही इफेक्ट्समध्ये यानाच्या कडा नीट बसलेल्या नाहीत. डीव्हीडीपेक्षा हेही खूप पुढे आहे, यात शंका नाही. पण पहिल्याच्या शेजारी ठेवलं की मन खट्टू होतं. तिसऱ्या पर्वात सगळं पुन्हा जागेवर येतं. चौथं मधल्या पायरीवर. त्यातलं चित्र चांगलं आहे, इफेक्ट्सची जोडणी काही भागांत थोडी कच्ची. पाचवं, सहावं, सातवं निर्धास्त घ्यावं.

एकच पर्व घेऊन पाहायचं असेल तर मी तिसरं सांगेन. मार्विन रश यांचं छायाचित्रण तिथूनच सुरू होतं आणि यानाच्या आतला प्रकाश पहिल्यांदा खोल, सावल्यांचा होतो. कपडेही तिथेच बदलतात. पहिल्या दोन पर्वांतले अंगाला चिकटलेले ताणाचे गणवेश कलाकारांच्या पाठीला त्रास देत, म्हणून रॉबर्ट ब्लॅकमन यांनी कॉलरचे लोकरी गणवेश केले. ब्लू-रेवर त्या लोकरीचं विणकाम दिसतं. डीव्हीडीवर तो फक्त लाल ठिपका होता.

चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे का? टीव्हीचं सेटिंग बदलू का?

बदलू नका. मालिका ४:३ चौकटीसाठीच बांधलेली आहे. फिल्मवर बाजूला जास्तीचं चित्र आहे खरं, पण तिथे दिव्यांचे स्टँड, सेटच्या कडा, माइक असं काहीबाही आहे. आणि वरखाली कापून रुंद केलं तर पिकार्डच्या कपाळापासून हनुवटीपर्यंतचे ते जवळचे शॉट मोडून पडतील. चौकट तशीच ठेवण्याचा निर्णय अगदी योग्य होता.

चित्रात बारीक वाळूसारखं काहीतरी सळसळतं. हा दोष आहे का?

तो फिल्मचा ग्रेन आहे. निगेटिव्हवरचं चित्र बारीक कणांचं बनलेलं असतं आणि ते कण फ्रेमगणिक वेगळे पडतात. अंधाऱ्या प्रसंगांत जास्त दिसतात. सॉफ्टवेअरनं ग्रेन पुसून टाकला की चेहरे मेणाचे दिसायला लागतात, आणि या संचात तो मोह टाळला आहे. टीव्हीवर 'नॉइज रिडक्शन' आणि हालचाल गुळगुळीत करणारं जे काही सेटिंग असेल ते बंद करा, मग पाहा.

एवढं स्पष्ट दिसल्यामुळे सेटचं पितळ उघडं पडत नाही?

पडतं, थोडं. यानाच्या पुलावर ('ब्रिज', म्हणजे यान जिथून चालवतात तो कक्ष) मागच्या काही फलकांवर चकाकी येऊ नये म्हणून काळा पुठ्ठा चिकटवलेला काही भागांत सरळ दिसतो. मेकअपच्या कडा दिसतात. डेटाच्या डोळ्यांतल्या पिवळ्या लेन्सची कडही.

मला त्याचं वाईट वाटत नाही. उलट त्याच स्पष्टतेमुळे इंजिन कक्षातल्या यानाच्या मोठ्या नकाशात कला विभागानं लपवून काढलेलं बदक दिसतं. ते पंचवीस वर्षं तिथेच होतं. माणसांनी हातानं, रात्री जागून एक जहाज बांधलं होतं, आणि ते आता माणसांनी बांधलेलं दिसतं.

आवाज कसा आहे?

नव्यानं केलेला ७.१ (आठ स्पीकरांचा) डीटीएस-एचडी ट्रॅक आहे आणि सोबत मूळ स्टीरिओही. मी बहुतेक भाग मूळ स्टीरिओत ऐकतो. संवादप्रधान मालिका आहे, आणि यानाच्या इंजिनाची ती सतत चाललेली खर्जातली घरघर स्टीरिओतही पुरेशी भरून राहते. लढाईचे भाग मात्र ७.१वर ऐकावेत.

पहिल्या पर्वाच्या पहिल्या खेपेत एक चूक झाली होती. ७.१ ट्रॅकमध्ये पुढच्या स्पीकरांचे आवाज काही भागांत गोंधळलेले होते. नंतर पहिली, तिसरी आणि चौथी डिस्क बदलून देण्यात आली. म्हणून पहिलं पर्व जुन्या मालातून विकत घेत असाल तर डिस्क बदललेल्या आहेत का, हे विक्रेत्याला आधी विचारा आणि हाती आल्यावर ७.१ लावून स्वतः तपासा.

शीर्षक संगीताबद्दल एक आठवण. ती धून जेरी गोल्डस्मिथ यांनी मालिकेसाठी केलेली नव्हती. १९७९च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटासाठी केली होती. आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा मुंडण करून ज्या चित्रपटात इलियाच्या भूमिकेत होती, तोच हा. दर भागाच्या सुरुवातीला ती धून वाजली की मला पर्सिस आठवते.

जादा साहित्यात पाहण्यासारखं काय?

खूप आहे, आणि फक्त भरतीचं नाही. डीव्हीडीवरचं जुनं साहित्य ठेवलं आहेच, शिवाय प्रत्येक पर्वासाठी नवे माहितीपट केले आहेत. आधी पहिल्या पर्वातला रीमास्टरिंगवरचा 'एनर्जाइज्ड' पाहा, म्हणजे मी वर लिहिलेलं सगळं डोळ्यांनी दिसेल. दुसऱ्या पर्वात सगळे कलाकार एका खोलीत बसून गप्पा मारतात. पाचव्यात संगीतकारांची बैठक आहे.

तिसऱ्या पर्वातली लेखकांच्या खोलीवरची चर्चा मी तीनदा पाहिली आहे. रोनाल्ड मूर, ब्रॅनन ब्रागा यांच्यासोबत तिथे नरेन शंकर आहेत. कॉर्नेल विद्यापीठातून उपयोजित भौतिकशास्त्रात डॉक्टरेट घेतलेला भारतीय वंशाचा हा माणूस मालिकेचा विज्ञान सल्लागार झाला आणि मग लेखक. इंजिनिअरिंगची पदवी हातात घेऊन 'आता लिहावंसं वाटतंय' असं घरी कसं सांगायचं, या विचारात असलेल्या प्रत्येक मुलामुलीला ही चर्चा दाखवावी.

'बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स'ची वेगळी डिस्क मिळते. ती घ्यावी का?

तिसऱ्या पर्वाचा शेवट आणि चौथ्याची सुरुवात जोडून ती चित्रपटासारखी केलेली आहे. दोन्ही पर्वं घेणार असाल तर गरज नाही. मात्र पाहुण्याला एका बैठकीत मालिका दाखवायची असेल तर तिच्यासारखी दुसरी नाही. १९९० साली अमेरिकेतल्या प्रेक्षकांना दोन भागांच्या मध्ये जून ते सप्टेंबर वाट पाहावी लागली होती; ती तडफड त्या डिस्कवर मिळत नाही, एवढंच.

आणि जानेवारी २०१२मधला तीन भागांचा सॅम्पलर, म्हणजे नमुना डिस्क, कुठे दिसला, तर तो आठवण म्हणून ठेवा. त्यावरून संचाबद्दल मत बनवू नका, कारण अंतिम पर्वांत काही इफेक्ट्स नंतर सुधारले आहेत.

हेच सगळं ओटीटीवर दिसत असताना डिस्क कशाला?

ओटीटीवर हीच रीमास्टर आवृत्ती दिसते, हे खरं. पण तिथे चित्र दाबून पाठवलं जातं. अंतराळाच्या काळ्या पार्श्वभूमीवर पायऱ्या पडतात आणि ग्रेनचा चिखल होतो. डिस्कवर तोच काळा रंग सलग राहतो. शिवाय माहितीपट, भाष्यं, वगळलेले प्रसंग ओटीटीवर नसतात. आणि मालिका आज एका ओटीटीवर असते, उद्या दुसऱ्यावर, परवा कुठेच नाही.

भारतात चालेल का? कुठला संच घ्यावा?

कुठली डिस्क कुठल्या देशातल्या प्लेअरवर चालावी, यासाठी जगाचे 'रीजन' पाडले आहेत. ब्लू-रेच्या वाटणीत भारत रीजन सीमध्ये येतो, अमेरिका एमध्ये आणि ब्रिटन बीमध्ये. माझ्याकडची काही पर्वं अमेरिकेतून भाच्यानं आणलेली, काही ब्रिटनमधून मागवलेली आहेत. सगळी इथल्या साध्या प्लेअरवर चालली. तरीही घेण्याआधी विक्रेत्याकडून त्या आवृत्तीचा रीजन विचारून घ्याच. डीव्हीडीचं गणित निराळं आहे: तिथे आपण रीजन ५.

सातही पर्वांचा एकत्र संच ४१ डिस्कचा आहे. परदेशातून कुणी येणार असेल तर सामानात आणायला सांगणं सगळ्यात स्वस्त. कुरिअरनं मागवलंत तर कस्टम्सचा खर्च धरूनच हिशेब करा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात डिस्क बंद कपाटात ठेवताना सिलिका जेलच्या पुड्या टाका. बुरशी पुठ्ठ्याच्या वेष्टनापासून सुरू होते.

मराठी किंवा हिंदी उपशीर्षकं आहेत?

नाहीत. इंग्रजी आहेत आणि ती स्वच्छ आहेत.

'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर' ब्लू-रेवर कधी येणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो आला की मला दुःख होतं.

'स्टार ट्रेक'च्याच त्या दोन्ही पुढच्या मालिकाही फिल्मवर चित्रित होऊन टेपवर संपादित झाल्या, म्हणजे काम तेच आणि तेवढंच. पण त्यांच्या पुढच्या पर्वांत यानं मॉडेल न राहता संगणकावर आली. ती टीव्हीच्या त्या काळच्या मापातच तयार केली होती. फिल्मचे थर नाहीतच, त्यामुळे ते शॉट पुन्हा घडवावे लागतील. खर्च आणखी वाढणार. आणि 'नेक्स्ट जनरेशन'च्या डिस्क आल्या तेव्हा लोक डिस्क घेणं सोडून ओटीटीकडे निघाले होते. एवढ्या खर्चाच्या मानानं विक्री झाली नाही.

'डीप स्पेस नाइन'वर चाहत्यांच्या वर्गणीतून एक माहितीपट झाला. त्यात मालिकेचे काही प्रसंग निगेटिव्हवरून नव्यानं स्कॅन करून दाखवले आहेत. ते पाहिल्यावर कळतं की त्या रिळांमध्ये काय झाकून पडलं आहे.

'बॅबिलॉन ५' ही त्याच काळातली दुसरी अंतराळ मालिका २०२३ साली ब्लू-रेवर आली. तिथे माणसांचे प्रसंग फिल्मवरून नव्यानं घेतले आणि संगणकावरचे इफेक्ट्स जुन्या मापातून मोठे केले. जोड दिसते. तरी ती आली याचा मला आनंद आहे. 'डीप स्पेस नाइन'साठी मी तेवढ्यावरही समाधान मानेन.

तुम्ही एखादं पर्व तपासता तेव्हा नेमकं काय पाहता?

आधी एक साधा, गप्पांचा प्रसंग. चेहऱ्याची कातडी, केसांची कड. मग पुलावरचा प्रसंग, जिथे लाल, पिवळे, निळसर गणवेश एकत्र असतात. एखादा रंग दुसऱ्यांना खात असेल तर तिथे लगेच कळतं. मग यान ग्रहासमोरून जातानाचा शॉट थांबवून यानाची कड. शेवटी अंधारातला प्रसंग, खोलीतले दिवे बंद करून. हे चार शॉट दर पर्वात निदान तीन भागांत पाहतो, सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा. फक्त पहिली डिस्क पाहून लिहिलेलं परीक्षण मी वाचत नाही.

एकच भाग दाखवून हे सगळं पटवायचं असेल तर कुठला?

दुसऱ्या पर्वातला 'द मेझर ऑफ अ मॅन'. हो, मी ज्या पर्वाला नावं ठेवली त्यातलाच. डेटा हा यंत्रमानव स्टारफ्लीट या अंतराळ दलाच्या मालकीची वस्तू आहे की स्वतःचे हक्क असलेला जीव, यावरचा खटला. मेलिंडा स्नॉडग्रास यांनी लिहिला. त्या आधी वकिली करत. वेळेत बसवण्यासाठी त्यातले बरेच प्रसंग कापले गेले होते. स्नॉडग्रास यांच्याकडे त्या लांब आवृत्तीची व्हीएचएस कॅसेट होती. ती जपून ठेवलेली कॅसेट समोर आली, तिच्या आधारानं निगेटिव्ह शोधली गेली, आणि तासाभराच्या जवळ जाणारा पूर्ण भाग पुन्हा उभा राहिला.

त्याच संचात या भागाची आणखी एक आवृत्ती आहे. तिच्यात कापलेले प्रसंग त्या व्हीएचएसवरून जसेच्या तसे घातले आहेत आणि बाकीचे निगेटिव्हवरून. ती लावा. स्वच्छ चित्र चालू असतं, मध्येच ते विरघळून फिकट, थरथरतं होतं, माणसांचे चेहरे धुक्यात जातात, आणि दोन मिनिटांनी पुन्हा लख्ख होतात. मी ही आवृत्ती घरी दाखवतो तेव्हा काही बोलत नाही. चित्र परत लख्ख झालं की सोफ्यावरून कुणीतरी आपणहून विचारतं, "हे आपण पूर्वी असंच पाहायचो?"